दुसरं कुलूप

बेलवलीच्या आमच्या घरामागच्या खोलीला आम्ही वर्कशॉप म्हणायला लागलो, तेव्हा तिथे फक्त एक टेबल होतं. आज तिथे माझ्या बायकोचा, यशोधराचा बॉयलर उभा होता, वाफेच्या इस्त्रीसकट, कॅम्प तीनच्या बाजारातून आणलेला, सेकंडहँड. संध्याकाळी जीन्सचा पहिला लॉट प्रेसला येणार होता. ती सकाळपासून हवेत होती, आणि खरं सांगायचं तर मीही.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. सहा किलोवॅटचा हीटर घरातल्या साध्या प्लगवर लावणाऱ्याला मी तोंडावर वेडा म्हणतो. त्यामुळे मीटरपासून जाड वायर वेगळी ओढली, एमसीबी वेगळा, अर्थिंगचा खड्डासुद्धा वेगळा. यशोधरा उजव्या तळहातावर स्क्रू घेऊन उभी होती. मी एकेक उचलायचो आणि तिला गुदगुल्या व्हायच्या.

कारखान्याचा नियम घरीही पाळला. लाईनवर काम करणारा मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावतो. कुलपावर त्याचं नाव, किल्ली त्याच्याच जवळ. दोघे कामावर असतील तर कुलपं दोन. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. तोवर त्याचा हात तारेवर आहे असंच समजायचं.

काम आटोपलं तसा मी जवळजवळ पळतच मेनकडे गेलो. माझ्या कुलपाशेजारी दुसरं लाल कुलूप लटकत होतं. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, यशोधरा. अक्षर हुबेहूब माझ्यासारखं.

मला हसू फुटलं. नियम हिच्याही अंगात भिनला म्हणायचा. हाक मारून तिला म्हटलं, तुझं काढ आता. तिने कुलपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मस्करी पुरे म्हणाली. तिने असलं काही लावलंच नव्हतं. मीही लावलं नाही अशी शपथ घेतल्यावर ती हातोडी घेऊन आली.

"तोडू नकोस," मी म्हणालो. "नाव तुझं आहे."

स्वतःवर चिडतच मी सगळं पुन्हा तपासायला घेतलं. वायर, जोड, अर्थिंग, सगळं चोख होतं. एकच गोष्ट मी उघडली नव्हती, इस्त्रीची मूठ. ती उघडली. आतल्या फेजच्या वायरचं कव्हर सोललं होतं, आणि उघडी तार मुठीच्या पत्र्याला टेकली होती.

ती मूठ यशोधरा धरणार होती.

मी वायर बदलली. मेनपाशी आलो. कुलूप तिथेच होतं.

"आता काढतेस?" मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

तिने कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

मी माझं काढलं, स्विच वर केला. थोड्या वेळाने वाफेचा असा फुत्कार आला की आम्ही दोघंही लहान पोरांसारखे नाचलो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मग किल्लीची आठवण झाली. विचारलं, कुठून आली.

"अहो, तुम्हीच नाही का दिलीत? हात भाजला तेव्हा."

तिने उजवा तळहात पुढे केला. मधोमध रुपयाएवढा व्रण होता. जुना, पांढरा पडलेला. मघाशी याच तळहातावरून मी स्क्रू उचलले होते, तेव्हा तिथे काहीच नव्हतं.

मग तिने इस्त्री उचलली. डाव्या हाताने, सवयीने.