झोटिंगाच्या सासूचा दोरा

मालनबाईंच्या अंगात परवापासून ताप होता, आणि पुण्याचा मुलगा पडद्यावरून सांगत होता, "आई, आज लई ताजी दिसालीस गं!"

त्यात त्याची काही चूक नव्हती. त्याच्या बाजूला त्या खरोखरच ताज्या दिसत होत्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिकडे पोचत नव्हती, विस्कटलेले केस पोचत नव्हते, मागच्या भिंतीचे पोपडे आणि दोरीवर वाळत घातलेला परकर हेही पोचत नव्हतं. सगळं मधल्या मध्ये पूरक गिळून टाकत होता.

पूरक म्हणजे हेतुपूरक प्रणाली. एवढं मोठं नाव घ्यायला कुणाला सवड नसल्यामुळे नुसतं पूरक. कॅमेरा, फोन, टीव्ही, सिनेमाचा पडदा, सगळ्यांत तो कारखान्यातूनच बसवून येऊ लागला होता. चित्र काढणाऱ्याला काय दाखवायचं होतं ते तो ओळखायचा, आणि जे त्याला जमलं नाही ते पुरं करून द्यायचा. आईने लेकाला फोन लावला म्हणजे तिला लेकाच्या नजरेला बरं दिसायचं आहे, एवढं कुणालाही कळतं. तसं ते पूरकलाही कळत होतं.

"ताप आलाय रे मला," मालनबाई म्हणाल्या.

"असं? दिसत न्हाई पण. गोळी घे आणि झोप," मुलगा म्हणाला आणि कामाला लागला.

मालनबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. कल्लाप्पा कुंभोजे जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटोत ते हात जोडून उभे होते आणि त्यांची दहाच्या दहा बोटं धडधाकट होती. खरं तर ऐन तारुण्यात मागाच्या दातेरी चाकात सापडून त्यांचं एक बोट अर्धं गेलं होतं, आणि त्यांचा एक डोळा जरा तिरळा होता. लग्नातले कागदावरचे फोटो अपघाताच्या आधीचे. नंतरचे सगळे फोनवरचे. मुलाने कधीतरी पूरकला संमती देऊन टाकली, आणि बापाचे सगळे फोटो एका दुपारी सुधारून निघाले. आता फोटोतला माणूस देखणा होता. पण तो मालनबाईंचा नव्हता, आणि हे त्या कुणाला सांगायला गेल्या की लोक म्हणत, छानच तर आलाय की.

त्यांचा कल्लाप्पा आता एकाच ठिकाणी उरला होता. 'झोटिंगाची सासू, भाग चार' या चित्रपटात, विहिरीच्या प्रसंगात.

या चित्रपटांविषयी इचलकरंजीबाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे पंचाईत आहे. जिनाप्पा मगदूम नावाचा एक मागवाला. त्याला भुतांचे चित्रपट काढायचं वेड लागलं आणि गावातल्या चार माणसांना हाताशी धरून त्याने एकापाठोपाठ एक सहा भाग काढले. भुताच्या सासूचं काम मालनबाईंचं. सासूचे केस म्हणजे मागावरचं वाया गेलेलं सूत. स्मशानातलं धुकं म्हणजे सुताला खळ लावायच्या सायझिंगमधल्या बॉयलरची वाफ. रक्त बिटाचं. दर भागाच्या शेवटी सासूला जाळायची, पुरायची, नदीत सोडायची, आणि पुढच्या भागात ती काहीतरी भिकार सबब सांगून परत यायची. एकदा तर ती चष्मा विसरला म्हणून आली होती.

भुताने उडायचं म्हणजे वरून दोऱ्याने ओढायचं, आणि तो दोरा ओढायचं काम कल्लाप्पांचं. दोरा दिसू नये म्हणून जिनाप्पा जिवाचं रान करायचा, पण हे गाव विणकरांचं. ताण्याच्या हजार धाग्यांतला एक तुटला तरी ज्यांच्या डोळ्याला टोचतो, त्यांच्यापासून दोरा लपवणार कोण? पहिल्या भागाच्या पहिल्याच खेळाला कुणीतरी ओरडलं, "दोरा!" आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवू लागलं. तेव्हापासून तो रिवाज पडला. लोक भुताला बघायला येत नसत, दोऱ्याला बघायला येत. आधी कोण ओरडतो यावर आठवडाभर कारखान्यात वाद चालायचे.

भाग चारमध्ये तर कमालच झाली होती. सासूचं मुंडकं, म्हणजे रंगवलेला भोपळा, विहिरीवरून उडत असताना रहाटाला अडकलं. चित्रण पुन्हा करायला दुसरा भोपळा नव्हता. मग पडद्याच्या उजव्या बाजूने एक हात आत आला. त्याने भोपळ्याला हळूच ढकललं, आणि चोरी पकडल्यासारखा चटकन मागे गेला. जिनाप्पाला ते कापता आलं नाही, कारण कापलं तर पुढची गोष्टच लागेना. त्या हाताला गावाने डोक्यावर घेतलं. "आला बघ कल्लाप्पा!" म्हणून अख्खं थिएटर ओरडायचं, आणि कल्लाप्पा खुर्चीवरून उठून वाकून नमस्कार करायचे. ते गेल्यावरही मागांच्या सुट्टीला कधीमधी तो खेळ लागायचा आणि मालनबाई त्या हातासाठी जायच्या. हात अर्ध्या बोटाचा होता, घाईत होता, ओशाळलेला होता. तो खरा होता.

त्या दिवशी संध्याकाळी जिनाप्पा पेढे घेऊन दारात उभा राहिला. त्याच्या म्हाताऱ्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"वैनी, येत्या सुट्टीला भाग चार लागलाय. यायलाच लागतंय."

"अण्णा, ताप हाय मला. पण येती की. मी कवा चुकवलाय?"

"यंदा येगळं हाय," एवढंच म्हणून तो गेला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी थिएटर भरलं. खेळ सुरू झाला. पडद्यावर सायझिंगची वाफ नव्हती, खरं धुकं होतं. मालनबाईंच्या स्वतःच्या चेहऱ्यावर सुताच्या जटा नव्हत्या, ओले केस होते आणि त्यांतून काहीतरी वळवळत होतं. लोक सवयीने पुढे सरसावून बसले होते. दोऱ्याची वाट बघत होते. भूत उडालं, आणि दोरा नव्हता. पुढच्या रांगेतला एक म्हातारा विणकर तोंड उघडून अर्धा उठला होता. तो तसाच खाली बसला.

मग विहीर आली. मुंडकं आलं. त्याचे डोळे ओले होते आणि ते श्वास घेत होतं. रहाटापाशी ते अडकलंच नाही. सरळ प्रेक्षकांच्या अंगावर आलं, एक पोरगं किंचाळलं, आणि उजवी बाजू रिकामीच राहिली. मालनबाई त्या रिकाम्या जागेकडे चित्र संपेपर्यंत बघत राहिल्या.

जिनाप्पा मात्र रडत होता. आनंदाने. त्याच्या चित्रपटाला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी घाबरलं होतं. पण दिवे लागले तसे लोक गुमान उठले आणि बाहेर पडले. एरवी त्याला गराडा पडायचा. अण्णा, भुताच्या हातात घड्याळ कसं वो, अण्णा, सासूच्या पायात चप्पल कुणाची, असं विचारून लोक त्याला सोडायचे नाहीत. आज त्याच्यापाशी कुणी थांबलं नाही.

"हात कुठाय?" मालनबाईंनी विचारलं.

जिनाप्पाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "मी काय हाताला काढ म्हणालो न्हाई, वैनी. मी नुसती संमती दिली. जुन्या पिच्चरला मालकाच्या संमतीबिगर पूरक हात लावत न्हाई. म्हणालो, लावू दे. जल्मभर हसली माणसं. एकदा तरी भ्यावं, एवढंच मनात हुतं."

"अवो, भ्यायला माणसं कशाला येतील? भ्यायला घरात काय कमी हाय?" मालनबाईंचा आवाज चढला. "आपल्यातलाच कोणतरी चुकलाय, आणि तरी पिच्चर पुढं चाललाय, ते बघायला येत हुती माणसं! आणि तुमी चुकाच पुसून टाकल्या. माझा माणूस पुसला तुमी, अण्णा."

जिनाप्पा खाली मान घालून उभा राहिला. त्याच्यावर रागवायचं तरी किती, असं मालनबाईंना वाटलं आणि त्यांना रडू आलं.

थिएटर चालवणारा शीतल उपाध्ये चांगला माणूस होता. चाळिशीचा, हे चित्रपट बघत वाढलेला. त्याने दोघांना आपल्या खोलीत बसवलं आणि जुनी प्रत शोधायला घेतली. बराच वेळ खटपट करून त्याने खुर्ची मागे सरकवली.

"काकू, प्रत म्हणून आता घरोघरी काय नसतंय. आपल्याकडं असती ती नुसती किल्ली. पिच्चर सगळा सामाईक कोठारात, एकच. अण्णांनी संमती दिली, तशी ती एक प्रत बदलली. एक बदलली म्हणजे सगळ्यांची बदलली."

"मग जुनी?"

"जुनी ठेवायची कशाला, असं कोठारवाल्यांचं म्हणणं. चुकीची हुती ना ती."

सासू सहा वेळा मेली आणि पुन्हा आली. तिच्यासाठी जिनाप्पाने दर वेळी काहीतरी सबब शोधून काढली. कल्लाप्पांसाठी त्याला एकही सुचेना.

सबब शेवटी शीतलला सापडली. पूरकमध्ये आणखी एक सोय होती, तिला जुनेपण म्हणत. शहरातल्या लोकांना गुळगुळीत चित्रांचा कंटाळा येऊ लागला होता, तेव्हा मागणीप्रमाणे पूरक चुका घालूनही द्यायचा. शीतलने विहिरीचं दृश्य लावलं आणि नुसतं सांगितलं, कसं होतं ते. धुक्याची वाफ झाली. मुंडक्याचा भोपळा झाला. दोरा आला, आणि तो अगदी जिथे यायला हवा तिथे चमकला. मग उजवीकडून हात आला. पाचही पुऱ्या बोटांचा.

"एक बोट अर्धं हुतं," मालनबाई घाईने म्हणाल्या.

"कुठलं, काकू?"

"मधलं," मालनबाई म्हणाल्या.

"करंगळीशेजारचं," त्याच वेळी जिनाप्पा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मधलं, अण्णा. मी संसार केलाय त्या हाताशी."

"वैनी, मी शेजारच्या मागावर हुतो. मीच फडकं गुंडाळून दवाखान्यात नेलंतं त्याला. करंगळीशेजारचं."

शीतलने आधी मधलं बोट अर्धं करून दाखवलं. मालनबाईंनी ओळखलं. हाच तो हात. मग त्याने दुसरं करून दाखवलं, आणि तोही हाच होता. तसाच घाईत, तसाच ओशाळलेला. त्यांनी पुन्हा पहिला लावायला सांगितला, पुन्हा दुसरा. बघता बघता त्यांच्या डोक्यातला कल्लाप्पांचा हात हलायला लागला. भाकरीचा तुकडा मोडताना, ताप बघायला कपाळाला लावताना, पोराला उचलताना, प्रत्येक आठवणीत बोट वेगळंच अर्धं दिसू लागलं. काहींत तर ते पुरं होतं, भिंतीवरच्या फोटोतल्यासारखं.

त्यांनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "मधलं असंल बहुतेक. का गं?" त्या 'बहुतेक'ने मालनबाईंचा उरलासुरला धीर गेला. जिनाप्पाही आता कपाळ धरून बसला होता. "कुणास ठाऊक, वैनी. तुमी म्हणताय तर मधलंच असंल."

"ठेव मधलं," त्या शीतलला म्हणाल्या. त्या दमल्या होत्या.

शीतलने सगळ्या चित्रपटालाच तसं जुनेपण दिलं आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा खेळ लागला. गावात बातमी फिरली होती की दोरा परत आलाय, आणि उभं राहायलाही जागा उरली नाही. पहिल्याच उड्डाणाला चार दिशांनी आरोळी उठली, "दोरा!" टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्यांवर नाचणारी पोरं, सगळं पूर्वीसारखं. किंबहुना पूर्वीपेक्षा चांगलं. जुन्या प्रतीत काही चुका भलत्याच वेळी यायच्या आणि हसू वाया जायचं. आता प्रत्येक चूक नेमकी वेळेवर येत होती. भुताच्या मनगटावर घड्याळ होतं, आणि लोकांचं आधीचं हसू ओसरेपर्यंत ते बाहीत लपून राहत होतं.

विहीर आली. भोपळा रहाटाला अडकला. सगळ्यांनी श्वास रोखला, आणि उजवीकडून हात आला.

"आला बघ कल्लाप्पा!"

थिएटर हादरलं. मालनबाई हसल्या. त्यांनी ठरवलं नव्हतं, पण पोटातून हसू आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आलं, आणि एक श्वासभर त्यांना अगदी खात्रीने वाटलं की शेजारच्या खुर्चीवरून आता कुणीतरी उठेल आणि वाकून नमस्कार करेल. शेजारी जिनाप्पा होता. तोही मांडीवर थाप मारून हसत होता.

मग त्यांचं हसू तोंडावरच गारठलं. आत्ताच्या या विहिरीवर कुणी चुकलंच नव्हतं, चूक पूरकने घातली होती. कुणाचा भोपळा अडकला नव्हता, कुणाची फजिती झाली नव्हती, घाबरून कुणी हात मागे घेतला नव्हता. आजूबाजूला सगळं गाव खिदळत होतं. मालनबाईंनी जिनाप्पाची बाही घट्ट धरली.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "आत्ता आपण हसलो ते कुणाला वो?"