बेटावरून तीनचा आकडा

विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात मी हे कुणाकडे बोलत नाही. हवामान खात्यातली बाई असलं काही सांगायला लागली, तर तिच्या अंदाजावर कोण विश्वास ठेवणार?

त्या दिवशी सकाळी मी आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला तिच्या घरी गेले होते. आई तेव्हा खाडीच्या तोंडाशी राहायची, समुद्रापासून शंभर पावलांवर. दोन दिवसांपासून खोल समुद्रात वादळ तयार होत होतं. मी तिला म्हटलं, "आई, चार कपडे पिशवीत भर आणि माझ्याकडे चल."

"मागच्या वर्षीही भरले होते," गोळ्या डबीत ठेवत ती म्हणाली. "शाळेच्या फरशीवर दोन रात्री काढल्या. बाहेर लख्ख ऊन. तुझ्या वादळाने मला सर्दी तेवढी दिली."

खोटं काही नव्हतं त्यात. मागच्या वर्षी माझ्याच अंदाजावरून त्या वस्तीतली नऊ हजार माणसं हलवली होती, आणि वादळ आम्हाला वाकुल्या दाखवत भलतीकडे निघून गेलं होतं. तेव्हापासून वस्तीत माझा विषय निघाला की लोक हसतात. आई हसत नाही, पण जागची हलतही नाही.

ऑफिसात पोचले तर साहेब नकाशासमोर डोकं धरून बसलेले. कॉम्प्युटरने काढलेल्या वादळाच्या वाटा दोन्हीकडे फाकल्या होत्या. अर्ध्या वाटा बेटाच्या पूर्वेने मोकळ्या समुद्रात जात होत्या, अर्ध्या पश्चिमेने थेट खाडीत घुसत होत्या. बेट म्हणजे किनाऱ्यापासून वीस किलोमीटरवरचा एक खडक. त्यावर जुनं दीपगृह आणि दाब-वारा मोजणारं आमचं यंत्र. माणूस एकही नाही.

"बेटावरचा वारा कसा वळतो, त्यावर सगळं आहे," साहेब म्हणाले. "ईशान्येकडून पूर्वेला वळला तर ते खाडीत येतंय. उत्तरेला वळला तर सुटलो. भरतीला वस्तीचा रस्ता बुडतो, म्हणजे साडेतीनच्या आत इशारा द्यायला हवा. आणि यंदा पुन्हा तोंडघशी पडलो, तर पुढच्या खेपेला कुणी उठणारच नाही."

दोन वाजता बेटावरच्या यंत्राने ९९३ दाब आणि ईशान्येचा वारा कळवला. त्यानंतर ते मुकं झालं.

त्या यंत्राच्या जागी आधी माझे बाबा होते. बावीस वर्षं ते बेटावर निरीक्षक होते, आणि शेवटची नऊ वर्षं त्यांचे आकडे फोनवर मी घ्यायचे. कामाच्या वेळी नातं बाजूला. ते म्हणायचे, "ऑफिस, लिहून घ्या," आणि मी म्हणायचे, "बोला बेट." आधी काचेवर नखाने दोन टिचक्या मारल्याचा आवाज यायचा, पारा स्थिर व्हावा म्हणून. मग आकडा.

दीपगृहाच्या पायऱ्यांवरून पडल्यापासून त्यांना कमरेत वाकता येत नव्हतं. बॅरोमीटर वाचताना डोळा पाऱ्याच्या पातळीला लागतो. उभ्याने वरून पाहिलं की आकडा दोनने कमी दिसतो. मी हे कधी बोलले नाही. बोलले असते तर खात्याने त्यांना घरी बसवलं असतं, आणि घरी बसणं त्यांच्याच्याने झालं नसतं. मी इकडे गुपचूप दोन मिळवून लिहायचे. दहा महिन्यांपूर्वी ते गेले. यंत्र बसलं, फोनची तार कापली. काळा फोन तेवढा माझ्या टेबलावर राहिला, कारण तो भंगारात काढायचा फॉर्म भरायला माझा हात होत नव्हता.

तीनच्या सुमाराला इतकं अंधारून आलं की दिवे लावावे लागले. वारा पडला. खिडकी बंद असूनही खोलीत ओल्या दोरखंडाचा वास येऊ लागला, बाबा सुट्टीवर आले की त्यांच्या पिशवीला यायचा तसा. साहेब म्हणाले, "वास कसला येतोय?"

तेवढ्यात काळा फोन वाजला.

साहेबांनी फोनकडे पाहिलं, मग टेबलाखाली लोंबणाऱ्या तुटक्या तारेकडे. मी रिसीव्हर उचलला. नऊ वर्षांची सवय, हात आपोआप गेला.

आधी नुसती समुद्राची घरघर. मग दोन टिचक्या, काचेवर.

"ऑफिस... लिहून घ्या."

पेन्सिल हातात आली होती.

"बोला बेट," मी म्हटलं.

"दाब नऊशे अठ्ठ्याऐंशी. वारा पूर्व... आग्नेयेकडे सरकतोय. लाटा दाराला लागल्यात."

मी ९८८ मनात म्हटलं, दोन मिळवले आणि ९९० लिहिलं.

"दोन मिळवू नकोस, पोरी," बाबा म्हणाले. "आता वाकता येतं मला."

मला रडू आवरेना. नऊ वर्षं मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळून घेतेय. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते मला सांभाळू देत होते.

"बाबा... तुम्ही..."

"आई कुठेय?"

"घरीच आहे. ऐकत नाही."

"मग वेळ घालवू नकोस," ते म्हणाले, आणि घरघर थांबली.

मी ९९० खोडून ९८८ केलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला. तासाभरात पाच अंकांची घसरण, म्हणजे वादळ आमच्या हिशेबापेक्षा दुप्पट वेगाने जोर धरत होतं. आणि वारा पूर्वेचा, म्हणजे ते खाडीत येत होतं. साहेबांनी कागद दोनदा वाचला.

"त्यांनी वारा कधी चुकीचा दिला नाही," एवढं बोलून त्यांनी इशाऱ्यावर सही केली. तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

मी मोबाईलवरून आईला फोन लावला. वाद घालायची तयारी ठेवली होती, पण तोंडातून निघालं ते एवढंच. "आई, बाबांनी आकडा दिलाय."

ती हळूच म्हणाली, "वारा कुठला म्हणाले?"

"पूर्वेचा. आग्नेयेकडे चाललाय."

"निघते," आई म्हणाली. "शेजारणींनाही उठवते. माझं ऐकतील त्या."

नऊ हजार माणसं भरतीच्या आत बाहेर पडली. पहाटे पाण्याने आईचं घर पायासकट नेलं. माणूस एकही गेला नाही. आई आता माझ्याकडे असते, आणि माझ्या घरातलं एकही भांडं तिला पसंत नाही.

समुद्र शांत झाल्यावर, आठवड्याने, आमचा मेकॅनिक नवं यंत्र बसवायला बेटावर गेला. येताना बाबांच्या खोलीतली नोंदवही घेऊन आला. म्हणाला, "खोलीत छतापर्यंत शेवाळ आहे, मॅडम. ही वही तेवढी कोरडी होती."

ती वही बाबा गेले त्या दिवशी बंद व्हायला हवी होती. मी उघडली तर दर तीन तासांची नोंद, त्यांच्याच तिरप्या अक्षरात, एकही खाडा नाही. वादळाच्या दिवशी दुपारी तीनला ९८८, वारा पूर्व. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुलीला कळवलं.'

नोंदी तिथे संपत नव्हत्या. वही माझ्या हातात आली त्या दिवसाची तारीखही होती, आणि तिच्यापुढे दुपारी तीनच्या दाबाचा आकडा. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी तीनपर्यंत थांबले, नवं यंत्र आणि वही ताडून पाहिली. अंकाचाही फरक नव्हता. मग मी पानं उलटत गेले. शेवटची नोंद दुपारी तीनचीच आहे. दाब ९७१, एवढा खाली गेलेला मी आयुष्यात पाहिलेला नाही. शेऱ्यात लिहिलंय, 'तीनदा वाजवला. मुलीने फोन उचलला नाही.'

ती तारीख उद्याची आहे. आकाश निरभ्र आहे, समुद्रात कुठे ढगाचा ठिपका नाही, साहेबांना दाखवलं तर त्यांनी नकाशा पुन्हा उघडला, त्यातही काही नाही. आई सकाळपासून माझा हात धरून बसलीये, उद्या ऑफिसात बरोबर येणार म्हणते. मी उद्या फोनसमोर खुर्ची टाकून बसणार आहे, जेवायलासुद्धा उठणार नाही. मग मी तो का उचलणार नाही, ते मात्र मला कळत नाही.