उभ्यानं जेवणारी

"आजही उभ्यानंच?"

मेरिबेथचा चमचा हवेतच थांबला. हॉटेलच्या स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात, भिंतीला पाठ लावून, ती घाईघाईनं घेवडा आणि मक्याचा पाव पोटात ढकलत होती. समोर एक उंच, अनोळखी माणूस. पाठीवर गिटार, केसांतून पावसाचं पाणी ठिबकतंय. माणूस अनोळखी, पण आवाज... अगं बाई! हा आवाज तर ती महिनाभर रोज फोनवर ऐकत होती.

"हार्लन?"

"हो. आणि तुम्ही फोनवर उंच वाटायचात."

"तुम्हीही फोनवर कोरडे वाटायचात," ती म्हणाली आणि हातातला रुमाल पुढे केला. तो घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर जराशी रेंगाळली... की उगाच आपलं तिलाच तसं वाटलं?

मेरिबेथ नॅशव्हिल या गाण्यांच्या शहरातल्या एका ट्रॅक्टर कंपनीत समारंभ जुळवायची. मालक कॉगिन्स निवृत्त होणार होते, आणि निरोपाच्या मेजवानीला नावाजलेले गायक नकोत, गाणी लिहिणारेच गायला हवेत, असा त्यांचा हट्ट होता. तिनं तीन गीतकार ठरवले. एक गाणं खास कॉगिन्सवर हवं होतं, ते हार्लनकडे आलं आणि फोन सुरू झाले. कॉगिन्सबद्दलचं बोलणं पहिल्या आठवड्यातच संपलं. मग फोन कशासाठी चालू होते, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. पण मेरिबेथच्या मनात एकच किडा वळवळत होता. गोड बोलणं हा तर या माणसाचा धंदाच. प्रत्येक गिऱ्हाइकाशी तो असाच बोलत असेल तर?

संध्याकाळी तिघं गीतकार स्टुलांवर ओळीनं बसले. इथली रीतच तशी – आळीपाळीनं एकेकानं गायचं, आणि गाण्याआधी ते कुठून आलं हे खरंखरं सांगायचं. कॉगिन्सवरच्या गाण्याला लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मेरिबेथनं सुटकेचा निःश्वास सोडला, ताट घेतलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात हार्लनची पाळी पुन्हा आली.

"हे गाणं मला फोनवर सापडलं," तो म्हणाला. "एका मुलीनं सांगितलं, आई गेल्यापासून ती बसून जेवलेली नाही. बसलं की समोरची खुर्ची रिकामी दिसते."

मेरिबेथच्या पायाखालची जमीनच सरकली. हे तिनं सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. गाणं सुरू झालं, आणि त्यात तिचेच शब्द, जसेच्या तसे. कॉगिन्सनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या टेबलानं. मग हळूहळू सगळ्या सभागृहानं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. शेवटचं कडवं तर त्यानं गायलंच नाही, नुसतं गुणगुणला. टाळ्या पडायच्या आत ती ताट घेऊन बोळात पळाली.

गिटार मंचावरच टाकून तो मागोमाग आला.

"माझ्या आईचं जाणं ट्रॅक्टरवाल्यांना जेवणाबरोबर वाढलंस तू?" रागाच्या भरात ती 'तू'वर आली होती.

हार्लनचा चेहरा पडला. "नाव घेतलं नाही म्हणजे झाकलं, असं वाटलं मला. चुकलो. आधी विचारायला हवं होतं. तू नको म्हण, हे गाणं पुन्हा कुणाच्या कानावर पडणार नाही."

"आणि शेवटचं कडवं का गिळलंस?"

"लिहिलंच नाही. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. गाणं होताना जो सोबत असेल, तो बरोबरीचा धनी. गाण्यावर तुझं नाव आहे – आधी तुझं, मग माझं. तुझ्यावाचून शेवट कसा करू?"

मेरिबेथ थक्कच झाली. या शहरात गाण्यावरच्या नावापायी भाऊ भावाशी बोलेनासा होतो. इथं गोड शब्द कुणीही देतं, अर्धं गाणं कुणी देत नाही.

"असं... किती गिऱ्हाइकांना दिलंस?"

"कॉगिन्सना तर नाही दिलं."

तिला हसायचं होतं, पण आलं रडू. तो जवळ आला नाही, समजूतही काढली नाही. कोपऱ्यातले बाटल्यांचे दोन रिकामे खोके ओढून त्यानं समोरासमोर पालथे घातले, आणि एकावर जाऊन बसला.

"यापुढं काहीही गायच्या आधी मला विचारायचं," तिनं डोळे पुसत बजावलं.

"रोज विचारीन. सकाळ-संध्याकाळ. आवडतेस तू मला, मेरिबेथ... फार."

"कडव्यासाठी म्हणतोयस?"

"नाही. कडवं राहिलं तरी चालेल."

तिनं समोरच्या रिकाम्या खोक्याकडे पाहिलं. मग ताट मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली, पावाचा अर्धा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला, आणि गार झालेला घेवडा सावकाश जेवू लागली.