नवव्या मजल्यावरचा चढा सूर

"माझ्या भावानं उडी मारलेली नाही," ती मुलगी दारातूनच म्हणाली. "हे ज्याला पटणार नसेल त्यानं आत्ताच सांगावं. मी दुसरीकडे जाते."

डेल कॉस्टिगन खुर्चीतून अर्धा उठला होता, तो तसाच राहिला. न्यूयॉर्कच्या पोलिसात अर्धं आयुष्य घालवलेला हा माणूस. अशा बहिणी, अशा आया त्यानं पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींना शेवटी मान खाली घालून परत जावं लागलं होतं.

"आधी ते ओले हातमोजे काढा," इनिड ट्रॅहर्न म्हणाली. "चहा टाकते. या शहरात चहा म्हणून जे गळ्यात मारतात ते नव्हे. खराखुरा."

इनिड मूळची इंग्लंडातल्या कॉर्नवॉलची. महायुद्धात एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून ती इकडे आली. पुढे नवरा वारला, पण बाई इथेच राहिली आणि खासगी तपासाच्या धंद्यात पडली. कॉस्टिगन तिचा मदतनीस होता. अंगानं दणकट, डोक्यानं जरा सावकाश, आणि हे तो स्वतःही नाकबूल करत नसे.

मुलीचं नाव जून थॉरल्ड. ती इंग्लंडातल्या संडरलँडहून आली होती. तिचा भाऊ डेरिक 'लँटर्न बॉइज' या चमूचा गायक. घरी त्यांचं एक गाणं गेलं वर्षभर पोराटोरांच्या तोंडी होतं, पण अमेरिकेत त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. रविवारी टेलिव्हिजनवर झळकायची एक संधी मिळाली होती. त्याआधीच डेरिक हॉटेलच्या नवव्या मजल्यावरच्या खिडकीतून आतल्या चौकात पडला.

"पोलीस काय म्हणतात?" इनिडनं विचारलं.

"चहाच्या वेळी तो खोलीत गात होता. दाराबाहेर दोघांनी ऐकलं. मग गाणं थांबलं आणि थोड्या वेळानं तो खाली सापडला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे झालं, अपयशानं खचला आणि उडी मारली!" जूननं कप खाली ठेवला. "पण त्याच दिवशी सकाळी आमच्या शेजाऱ्यांकडे त्याचा फोन आला होता. म्हणाला, पुरे झालं, मी घरी येतोय. घरी निघालेला माणूस उडी मारतो का हो, बाई?"

कॉस्टिगननं घसा खाकरला. मारतो कधीकधी, असं त्याच्या ओठावर आलं होतं. इनिडच्या नजरेनं ते तिथेच अडवलं.

"आई अंथरुणाला खिळलीय," जून म्हणाली. "एकच विचारत राहते, आमचं काय चुकलं, म्हणून त्याला आम्ही नकोसे झालो? मला तिला काहीतरी सांगायचंय. पण खोटं सांगितलं तर तिला बरोबर कळतं."

---

हॉटेलच्या दिवाणखान्यात चमूचा व्यवस्थापक सिरिल पेजेट भेटला. इस्त्रीचा सूट, पांढरे पडलेले ओठ. जूनला पाहताच त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"पोरी, मी इथेच होतो गं, पत्रकारांच्या गराड्यात. मी खाली आलो तेव्हा तो खोलीत ठणठणीत होता. गाणं वाजायला लागलं तेव्हाही मी इथे होतो, आणि तो सापडल्याची बोंब उठली तेव्हाही इथेच." त्यानं रुमाल डोळ्यांना लावला. "एवढंच मनाशी धर. शेवटच्या क्षणापर्यंत तो आपल्याच मनासारखं गायला. तेच तुमच्या वडिलांवरचं संथ, जड गाणं. कुणापुढे वाकला नाही तो."

जूनला रडू फुटलं. कॉस्टिगनला तो माणूस मनापासून आवडला. दुःखातही दुसऱ्याचा विचार करणारे असतात किती!

"अमेरिकेत तुमची ही पहिलीच खेप?" इनिडनं विचारलं.

"तिसरी." सिरिलनं रुमालाची घडी घातली. "आधी दोन चमू आणले होते. दोन्ही वेळा हात हलवत परत गेलो. लंडनात लोक अजून हसतात."

---

डेरिकची खोली गिटारवाल्या मॉरिस हेबलनं उघडून दिली. लाल केसांचा, किडकिडीत पोरगा. त्याच्या गालावर जुना, पिवळा पडत चाललेला वण होता.

"हा डेरिकनंच दिलाय," कुणी विचारायच्या आत तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, एवढा काय ताठा, वाजवू की जलद! आणि आता लपवून काय करू? त्या वेळी मी माझ्या खोलीत झोपलो होतो, एकटा. साक्षीला कुणी नाही."

कॉस्टिगननं मनातल्या मनात पोराच्या नावापुढे संशयाची फुली मारली. मग दोन पावलं पुढे गेला आणि कळवळून ओरडला. पलंगाखालून बाहेर आलेल्या एका लोखंडी डब्यावर त्याचा अंगठा सडकून आपटला होता.

"सांभाळून हो, साहेब. त्यानं आमच्याही पायांची वाट लावलीय," मॉरिस म्हणाला. "सिरिलनं आल्या दिवशी विकत आणला. आमची घरची यंत्रं इथल्या विजेवर चालत नाहीत, जोर कमी पडतो. हा डबा जोर वाढवून देतो."

डब्यातून दोन वायरी निघाल्या होत्या. एक टेबलावरच्या ध्वनिमुद्रण यंत्राकडे गेली होती, दुसरी उशाशी ठेवलेल्या घड्याळाकडे. बाहेर नुकती न्याहारीची वेळ टळली होती, घड्याळ मात्र दुपार उलटल्याचं सांगत होतं.

"हे बिघडलंय वाटतं," कॉस्टिगन अंगठा चोळत म्हणाला.

"घरी कधी चुकलं नाही. डेरिकच्या आईनं दिलेलं आहे. इथे आल्यापासून पिसाटलंय. सकाळी लावलं की संध्याकाळपर्यंत पार पुढे. आम्ही म्हणायचो, यालाही अमेरिकेची घाई लागली."

"पुढेच जातं?" इनिडनं विचारलं. "मागे कधीच नाही?"

"कधीच नाही."

"आणि हे यंत्र? इथे आल्यावर वाजवलंत?"

"छे! खोक्यातून काढून ठेवलं एवढंच. वर चढवलेली फीत घरचीच आहे, थॉरल्डकाकूंच्या स्वयंपाकघरात केलेल्या सरावाची. सुरुवातीला कोरीच जाते बराच वेळ. मी बटण दाबून चहाचं आधण बघायला गेलो होतो ना!" तो हसला आणि लगेच ओशाळला. "मग डेरिक एकटाच गातो. खर्जातला आवाज हो त्याचा. वर चढायचं नावच नाही. आम्ही त्याला भोंगा म्हणायचो, बंदरातला."

"तो पडल्यावर या खोलीत आधी कोण शिरलं?"

"सिरिल. किल्ली घेऊन तोच पुढे धावला. आम्ही मागून."

खोलीत ऊब देणाऱ्या वाफेच्या नळांनी भट्टी पेटवल्यासारखं उकडत होतं. मॉरिसनं सवयीनं जाऊन खिडकी सताड उघडली आणि खालचा चौक दिसताच मागे सरला. कोपऱ्यात डेरिकची भरलेली पेटी उभी होती. इनिडनं ती उघडून शेवटपर्यंत चाचपली.

"पासपोर्ट नाही," ती म्हणाली.

"आमचे सगळ्यांचे सिरिलकडेच असतात."

---

रेकॉर्ड कंपनीचा मिल्ट ग्रोसबर्ग आपल्या कचेरीत उभ्याउभ्याच सँडविच खात होता.

"हो, मीच म्हणालो होतो, ते रडगाणं पुन्हा ऐकवलंत तर सगळ्यांना खिडकीबाहेर फेकीन. मी रोज दहा जणांना असं म्हणतो! इथली पोरं नाचायला येतात, मयताला नाही. गाणं जलद करा, आवाज चढा लावा, एवढंच मागत होतो." त्यानं सँडविच खाली ठेवलं. "आणि त्या दिवशी त्यानं ते केलं! मी दाराशी उभा होतो, झाडलोट करणारी बाई होती. आतून तेच गाणं, पण झपझप, वरच्या पट्टीत. ती बाई तर म्हणाली, आत कुणी पोरगी गातेय. मी टाळी वाजवायचा बाकी होतो. म्हटलं रंगात आलाय, दार ठोकून मोडता घालू नये."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं, गात होता का? म्हटलं, गात होता. कसा गात होता ते ऐकायला त्यांना कुठली सवड!"

"आणि पेजेटना?"

"त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे. गायकच उरला नाही, आता आमचे वकील काय ते बोलतील."

सोबत आलेली जून भिंतीला टेकली. "म्हणजे तो वाकला," ती पुटपुटली. "बाबांचं गाणं त्यानं तसं गायलं आणि मग त्याला स्वतःचंच तोंड बघवेना."

बाहेर आल्यावर कॉस्टिगन हळूच म्हणाला, "बाई, हे तर आणखीच वाईट झालं. बिचारीला काही सांगितलं नसतं तर बरं."

"तुम्ही एक काम करा," इनिड म्हणाली. "ओळखीच्या पोलिसाला घेऊन हॉटेलवर या. आणि सगळ्यांना डेरिकच्या खोलीत जमवा."

---

सगळे जमले तेव्हा सिरिल खुर्चीत बसला, मिल्ट टोपी न काढता दाराशी रेलला, मॉरिस जूनशेजारी उभा राहिला. पोलीस बाहेर थांबला. इनिडनं फीत गुंडाळून सुरुवातीला नेली आणि यंत्र सुरू केलं.

कोरी फीत बराच वेळ फिरत राहिली. मग गिटारचे स्वर आले, आणि एक बारीक, उंच, घाईघाईचा आवाज गाऊ लागला.

"हेच!" मिल्ट ओरडला. "हेच ऐकलं मी!"

"हा डेरिक नाही," मॉरिस म्हणाला. "म्हणजे... शब्द त्याचेच आहेत. पण आमची फीत अशी नव्हती हो!"

"फीत तीच आहे, मुला. वीज बदललीय." इनिडनं यंत्र बंद केलं. "वीज तारेतून हेलकावे खात येते. इंग्लंडात सेकंदाला पन्नास हेलकावे, इथे साठ. हा लोखंडी डबा विजेचा जोर बदलतो, हेलकावे नाही. आणि या घड्याळाची मोटर हेलकाव्यांच्या तालावर फिरते, या यंत्राचीही तशीच. म्हणून घड्याळ पुढे पळतं. म्हणूनच संडरलँडच्या स्वयंपाकघरात खर्जात गायलेलं गाणं इथे पोरीच्या आवाजात, पळत सुटतं."

कॉस्टिगनच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. "म्हणजे दाराआड कुणी गातच नव्हतं?"

"नाही. डेरिक तेव्हा खाली चौकात मरून पडला होता. त्या चौकात कुणी फिरकत नाही. गाणं ऐकू आलं म्हणून सगळे धरून चालले की तो अजून जिवंत आहे. हा आडोसा कुणाच्या कामाचा? मॉरिसच्या नाही, तो गाण्याच्या वेळी एकटाच होता. ग्रोसबर्ग तर दाराशीच उभे होते. ज्याच्याजवळ गाण्याआधी साक्षीदार नव्हता आणि गाण्यापासून पुढे पंचवीस होते, असा माणूस एकच. पडल्याची बातमी येताच किल्ली घेऊन सगळ्यांच्या आधी आत धावला, यंत्र बंद करायला."

सिरिल हसला. ते हसणं चेहऱ्यावर टिकलं नाही. "बाई, हा निव्वळ तर्क आहे."

"होता. पण तुम्ही जूनला म्हणालात, शेवटपर्यंत तो संथच गायला. दाराशी उभे असलेले दोघेही सांगतात, जलद आणि चढा. दिवाणखान्यात नवव्या मजल्यावरचं गाणं ऐकू येत नाही, आणि ग्रोसबर्ग तुमच्याशी बोलत नाहीत. मग संथ हे तुम्हाला कुणी सांगितलं, पेजेट? इंग्लंडात ही फीत कशी वाजायची तेच तुमच्या डोक्यात होतं. इथे ती कशी वाजली, हे तुम्हाला माहीतच नव्हतं."

सिरिलनं रुमाल काढला आणि तसाच मुठीत चुरगळला.

"तो पासपोर्ट मागत होता," सिरिल शेवटी म्हणाला. "रविवार चार दिवसांवर आणि हा म्हणतो, मी चाललो. मी हातापाया पडलो हो त्याच्या! तिसऱ्यांदा तोंड काळं करून परत जायचं होतं का मी? त्याची बाही धरली, त्यानं झटकली, मी ढकललं. खिडकी उघडीच होती, या उकाड्यात..." तो थांबला. "खाली पत्रकार वाट बघत होते. मला दुसरं काही सुचलं नाही."

"तुम्ही माझे हात धरलेत," जून म्हणाली. तिला एवढंच बोलता आलं.

पोलीस सिरिलला घेऊन गेला. मिल्ट अजून त्या यंत्राकडे पाहत होता. "याची अशीच रेकॉर्ड काढली तर," तो नकळत बोलून गेला, "हे चालेल..." मॉरिस मुठी आवळून त्याच्यावर धावला तेव्हा कॉस्टिगननं मिल्टला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि जरा जास्तच जोरानं.

समुद्रापार फोन लागायला पुष्कळ वेळ गेला. थॉरल्डांच्या घरी फोन नव्हता, शेजाऱ्यांनी आईला आधार देऊन आणलं. जून पलंगाच्या कडेवर बसून ओरडून बोलत होती, कारण आवाज तुटत होता.

"नाही, आई. त्यानं उडी नाही मारली. ऐकतेस ना? त्याला ढकललं. तो आपल्याकडेच यायला निघाला होता... हो. शपथ."

पलीकडे काय चाललंय ते कॉस्टिगनला कळेना. जून ऐकत होती. मग तिनं फोनवर हात ठेवला आणि केविलवाण्या चेहऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

"विचारतेय, इथे तो नीट जेवत होता का. मी काय सांगू? मला काहीच माहीत नाही."

कॉस्टिगननं त्या मुलाला जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं पुढे होऊन फोन घेतला.

"मी इथला माणूस बोलतोय, काकू," तो मोठ्यानं म्हणाला. "पोटभर जेवत होता. काळजी करू नका."