भुलाबाईच्या पायाशी उगवलेलं रोप

"मूर्ती चोरीला गेली असेल तर आधी पोलिसांत जा," नीळकंठराव म्हणाले.

"चोरीला नाही गेली," समोरची बाई म्हणाली. "दुरुस्त झाली."

नीळकंठरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते यवतमाळात बायकोच्या चौकशी कार्यालयात बसत. बायको, म्हणजे सुहासिनी दाणी, लग्नाआधीच्या चौकश्या करायची आणि हरवलेली माणसं शोधायची. नीळकंठराव चहा सांगत, स्कूटर चालवत आणि चुकीच्या माणसावर संशय घेत. हे तिसरं काम ते अगदी मन लावून करत.

"नीट सांगा," सुहासिनी म्हणाली.

बाईंचं नाव रंजिता. बोरी अरबच्या पुढं खडकडोह नावाच्या गावात त्या चौथीला शिकवत. भुलाबाईचे दिवस होते. घरोघरी पोरी मातीची भुलाबाई मांडून गाणी म्हणत होत्या, म्हणून रंजिता मॅडमनी वर्गातच मूर्ती करायला लावली. विज्ञानाचा तास आणि चित्रकलेचा तास एकत्र. माती शेतातली काळी, रंग गेरूचा, हळदीचा आणि काजळीचा.

"काळी माती वाळली की आटते, तडकते. तेच मला मुलांना दाखवायचं होतं. शनिवारी मूर्तीला मानेपासून कमरेपर्यंत तडा गेला. मुलं खूश! तडा किती रुंद, ते दोरा लावून मोजलं. संध्याकाळी गावातल्या बाया गाण्यांना आल्या. भंगलेली मूर्ती ठेवू नये, अशी कुजबुज झाली. मी म्हटलं, हा वर्गातला प्रयोग आहे, राहू द्या."

"मग?"

"सोमवारी कुलूप उघडलं तर मूर्ती अखंड. तडा गायब. शाळा समितीच्या अध्यक्षांनी तिथंच नारळ फोडला. आता माझा वर्ग देऊळ झालाय. मुलं कडुलिंबाखाली बसतात. आणि कालपासून मूर्तीच्या पायाशी रोप उगवलंय. आज कोजागिरी. संध्याकाळी आरतीनंतर ती खोली कायमची देवीला द्यायचा ठराव आहे. शाळेला खोल्याच दोन आहेत हो. माझी मुलं जातील कुठं?"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. सुहासिनीनं पर्स उचलली. नीळकंठरावांना काहीच कळलं नव्हतं, पण स्कूटरची किल्ली त्यांनी घेतली.

खडकडोहच्या शाळेसमोर अगरबत्ती विकायला बसली होती. वर्गात गर्दी होती. कोनाड्यात वीतभर उंचीची भुलाबाई होती, शेजारी तिचा नवरा भुलोजी. भुलोजीला पाठीवर उभा तडा होता, भुलाबाईला केसभरही नाही. तिच्या पायाशी, रोज तीर्थ शिंपडून ओल्या झालेल्या मातीत, दोन रुंद पानांचं इवलं रोप उभं होतं.

"तुळस हाय," एक आजोबा म्हणाले.

"तुळशीची पानं अशी असतेत काय? बेल हाय," दुसरे म्हणाले.

सुहासिनीनं मूर्तीला हात लावला नाही. रोपानं उचकटलेला तिच्या बैठकीचा एक टवका मात्र नमस्कार करता करता उचलला. बाहेर येऊन तिनं तो नखानं फोडला. आत पांढरे तंतू होते.

"बुरशी," नीळकंठराव म्हणाले.

"कापूस," सुहासिनी म्हणाली. "मॅडम, तुमच्या मातीत कापूस होता?"

"छे! कापूस घातला असता तर माती धरून राहिली असती, तडाच गेला नसता. मला तर तडाच हवा होता."

"म्हणजे ही मूर्तीच दुसरी?" नीळकंठरावांचा चष्मा पुन्हा खाली आला. "मग पहिली कुठंय?"

"ते ज्यानं ही केली त्याला ठाऊक."

व्हरांड्यात नारळाच्या करवंट्या ओळीनं मांडल्या होत्या. त्यात मुलांनी बिया पेरल्या होत्या. वर्गातून हुसकावल्यावर समीक्षा नावाच्या पोरीनं एकेक करवंटी बाहेर आणून ठेवली होती.

"हे कशाचं गं?" सुहासिनीनं दोन रुंद पानांचं रोप दाखवलं.

"सरकीचं," समीक्षा म्हणाली. मग तिनं वर्गाच्या दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, देवीपाशी हायेना, ते बी सरकीचंच हाय. पण माह्यं कोणी ऐकून नाई राह्यलं."

नीळकंठरावांनी बायकोला बाजूला घेतलं. "सरळ आहे. वर्गात सरकी कोणी आणली? मॅडमनी. मूर्ती त्यांचीच करामत!"

"आणि स्वतःचाच वर्ग घालवला?" सुहासिनीनं करवंटीशेजारची पुडी उघडली. यवतमाळच्या बियाण्याच्या दुकानातल्या बिया होत्या, काळ्या आणि गुळगुळीत. अंगावर कापसाचा एक धागा नव्हता. तिनं त्या नीळकंठरावांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी त्यातली एक बी उलटीपालटी करून पाहिली.

शाळेची खिचडी शिजवणारी पंचफुला चुलीपाशी भेटली. वर्गाची एक किल्ली तिच्या कमरेला असे.

"मी इतवारी मारेगावले गेलतो, बहिणीकडं. किल्ली संगंच होती. मूर्ती कायले बदलू मी? खिचडी शिजवू का देव घडवू? दुसरी किल्ली हाय ना अध्यक्षायच्या घरी. त्यायले विचारा."

तिला शाळेचं अंगण झाडायचं होतं, आणि हल्ली नारळाच्या शेंड्याच फार पडत होत्या. त्याबद्दल तिनं देवीसकट सगळ्यांना दोन शब्द सुनावले.

मुलांसाठी शेतातली माती बैलगाडीतून आणून देणारा देवसिंग तांड्यावर राहायचा. गावातल्या भिंती लिंपायचं कामही तोच करी.

"देवसिंगभाऊ, लिंपताना मातीत काय घालता?"

"भुसा अन् शेण. दुसरं काय?"

"कापूस?"

देवसिंग हसला. "भिंतीत कापूस कोण घालते बाई? कापूस विकाचा असते. मूर्तीवाले टाकतेत म्हणतेत, पण मले नाई येत थे काम. माह्या हातचा बैल केला त पोट्टे डुक्कर म्हणतेत."

नीळकंठरावांनी त्याच्यावरही संशय घेऊन पाहिला. जमला नाही.

शेवटी अध्यक्षांचं घर. अध्यक्ष सदाशिवराव ओसरीवर पाटावर बसले होते. आठवड्यात त्यांचा आवाज वाढला होता. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या पत्नी विमलताई वाती वळत होत्या. आतल्या खोलीत पहिल्या बाळंतपणाला आलेली लेक स्पृहा झोपली होती.

"किल्ली? हे काय, खुंटीवर हाय," सदाशिवराव म्हणाले. "आमच्या घरची वस्तू जाग्यावर असते. पण किल्लीचं काय काम? देवीले कुलूप लागते काय?"

विमलताईंनी चिवडा आणून ठेवला. नीळकंठरावांनी बशी जवळ ओढली आणि गप्पा मारायच्या म्हणून विचारलं, "येताना शेतं पांढरी दिसली. वेचणी का नाही लागली?"

"सीतादही नाई झाली ना अजून! वावरात दहीभाताचा निवद दाखवल्याबिगर आमच्या गावात कोणी बोंडाले हात लावत नाई. पहिली सीतादही माही, मंग साऱ्यायची. यंदा पाऊस लांबला. आता उद्या करू."

"आणि मागच्या सालचा कापूस?" सुहासिनीनं विचारलं.

"थो त उन्हाळ्यातच विकला साऱ्यायनं. अळीच्या भेवानं घरात बोंडूक ठेवत नाई कोणी."

सुहासिनी विमलताईंजवळ जाऊन बसली. विमलताई बोंडातून सरकी काढून सुपात टाकत होत्या आणि कापूस पिंजून मांडीवर वळत होत्या. अंगणात विहिरीपाशी एक उंच झुडूप होतं, तांबड्या फुलांचं.

"देवकापूस?"

"हो. देवाच्या वातीपुरता. गावात हे एकच झाड. साऱ्या बाया माह्याकडूनच वाती नेतात, वळलेल्या."

"मूर्तीचं रोप पाहिलंत?"

विमलताईंची वात तुटली. "मी नाई गेलो तिकडं. सोमवारपासून नाई गेलो."

आत स्पृहानं हाक मारली, तशा त्या घाईनं उठून गेल्या.

परतताना नीळकंठराव म्हणाले, "किल्ली याच घरात. देऊळ यालाच हवंय. सदाशिवरावच!"

"घर बरोबर," सुहासिनी म्हणाली. "माणूस चुकलात."

दिवेलागणीला अख्खा गाव वर्गात आणि दारात दाटला. आरतीचं ताट तयार होतं. सदाशिवराव ठराव वाचायला उभे राहिले, तेव्हा सुहासिनी कोनाड्यापाशी गेली.

"आधी दोन गोष्टी बोलू का? देवीचा अपमान मी करणार नाही."

कुरकुर झाली, पण पाहुण्या बाईला कोणी अडवलं नाही.

"हा टवका पाहा. आत कापूस आहे. मुलांच्या मूर्तीत नव्हता, म्हणून ती तडकली. भुलोजी अजून तडकलेलाच आहे. देवी स्वतःहून जुळली असती तर तिनं नवऱ्याला तसंच ठेवलं असतं का?"

बाया हसल्या. पुरुषांना हसावं की नाही, ते कळेना.

"म्हणजे ही मूर्ती दुसरी. मूर्ती करायची रीत जाणणाऱ्या हातांची. पायाशी जे रोप आहे ते ना तुळस, ना बेल. व्हरांड्यात समीक्षाच्या करवंटीत अगदी तसंच रोप आहे. सरकी. घाईत कापूस मातीत मळताना एक बी आत राहून गेली, आणि तुम्ही रोज तीर्थ शिंपडलंत, म्हणून ती उगवली."

"मॅडमच्या पुडीतली असंन!" कोणीतरी ओरडलं.

"पुडीतल्या बियांना कापूसच नसतो. ही बी कापसासकट आली. आता तुम्हीच सांगा, गावात बोंडाचा कापूस आहे कोणाकडं? मागच्या सालचा विकला. यंदाचा वेचला नाही, कारण सीतादही व्हायची आहे. शेतातला कापूस कोणाच्याच घरात नाही. मग शेताबाहेरचा कापूस कुठं असतो?"

सगळ्या बायांनी एकाच दिशेला पाहिलं आणि लगेच नजरा खाली केल्या. त्यांच्या देव्हाऱ्यातल्या वाती कुठून येतात, ते त्यांना ठाऊक होतं.

"त्या घरात वर्गाची किल्लीही आहे," सुहासिनी म्हणाली. "चोरी झालेली नाही, फसवणूकही नाही. त्यामुळं नाव मी घेणार नाही."

सदाशिवराव भोवऱ्यात सापडल्यासारखे इकडं तिकडं बघत होते. "माह्या घरी? काय बोलून राह्यल्या तुमी? माह्या घरी कोणाले मूर्ती करता येते?"

"मले," मागून आवाज आला.

विमलताई पुढं आल्या. पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी तो उलगडला. आत तडा गेलेली, वाकड्या नाकाची, पोरांच्या हातची भुलाबाई होती.

"भुलाबाई माहेरपणाले येते. माही पोरगी बी माहेरपणाले आली हाय, पोटुशी. अन् हिची मान तडकलेली! शनिवारी पाह्यलं अन् माह्या जिवाले चैन पडंना. मॅडम काढून राह्यल्या नाई. मंग इतवारी दुसरी केली, चुलीपाशी वाळवली, खुंटीवरची किल्ली घेतली अन् ठेवून आलो. रंग इथलेच लावले, नाक बी पोरायनं केलं तसंच ठेवलं. वाटलं, मॅडमले कळंन, त्या हसतीन, झालं."

"मले काहून नाई सांगितलं?" सदाशिवरावांचा आवाज बसला होता.

"सोमवारी सांगाले आलतो. तुमी नारळ फोडलता. सारा गाव जय म्हणून राह्यला होता. त्याच्यात मी काय बोलू?"

सदाशिवराव खाली बसले. हातातल्या ठरावाच्या कागदाची त्यांनी नकळत घडी घातली, आणखी एक घातली. चिडावं की लाजावं हे त्यांचं ठरत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुले मूर्ती करता येते?"

"माहेरी दरसाल मीच करत होतो. इथं कोणी विचारलंच नाई."

दारातून एक म्हातारा म्हणाला, "मंग आता ठरावाचं काय? देवी हाय त खरी!"

विमलताई त्याच्याकडं वळल्या. "आबाजी, आज कोजागिरी. भुलाबाई आज सासरी जाते. कोण्या गावात लेकीले माहेरी कोंडून ठेवतेत? तिच्या नावानं खोली कराची अन् तिलेच जाऊ द्याचं नाई, हे कोणतं माहेर? दोघींले बोळवा. खोली लेकरायची हाय."

बायांतून कोणीतरी बोळवणीचं गाणं सुरू केलं. पोरींनी दोन भुलाबाया आणि एक भुलोजी उचलले. कोणती खरी, यावर त्यांचं जरा भांडण झालं आणि मिटलं. गर्दी त्यांच्यामागं नदीकडं निघाली.

नीळकंठराव अजून हिशेब जुळवत होते. "म्हणजे गुन्हेगार कोणीच नाही?" ते पुटपुटले. सुहासिनीनं त्यांचा हात धरला. त्यांना बरं वाटलं.

रिकाम्या वर्गात रंजिता मॅडम फरशीवरचं कुंकू पुसत होत्या. मध्येच त्या थांबल्या.

"विमलताई, सोमवारी शाळेत याल? मूर्ती तडकते कशी, ते मुलांना कळलं. न तडकणारी कशी करायची, ते मला येत नाही. तुम्ही शिकवा."

विमलताईंनी सवयीनं नवऱ्याकडं पाहिलं. सदाशिवराव मान खाली घालून बसले होते. विमलताईंनी नजर काढून घेतली.

"येतो," त्या मॅडमना म्हणाल्या. "पोट्ट्यायले सांगा, कापूस मी आणीन."