सतरावी जागा

बायांनो, बापहो, जवळ सरका. सांगते ते खरं आहे. हरिकथेच्या मंडपात बसून खोटं बोलायची माझी छाती नाही.

बंगळुरातल्या बसवनगुडीच्या मंडपात माझ्या शेजारी बसणाऱ्या चैत्राच्या बाबतीत हे घडलं. मंगळवार. भर दुपारचे तीन.

चैत्रा प्रोग्रॅम लिहायची. एका डायलिसिस केंद्रासाठी तिनं लिहिलेला प्रोग्रॅम रोज रुग्णांच्या यादीवरून एकेक नाव घेत पुढे जायचा आणि फोन लावायचा... उद्या तुमची पाळी, या. फोनशिवाय केंद्रात कुणाला घेत नसत.

वारलेल्यांची नावं तो त्याच फेरीत पुसायचा.

चूक तिथंच होती.

सतरावे नंजुंडप्पा वारले होते, म्हणून गुरुवारी त्यांचं नाव पुसलं गेलं. मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले. अठराव्या गिरिजम्मा सतराव्या जागी आल्या. प्रोग्रॅम मात्र ती जागा सोडून अठराव्या जागेवर गेला होता.

गिरिजम्मांना फोन गेलाच नाही.

डायलिसिस चुकलं. शनिवारी त्या वारल्या.

मंगळवारी चैत्राच्या ऑफिसातल्या साहेबांनी, रेवणसिद्दप्पांनी, सांगितलं, अहवालात लिही, बाईंनी फोन उचलला नाही.

"सर, आपण लावलाच नव्हता. चूक माझी. पण घाई करून मला तपासू दिलं नाहीत ते तुम्ही."

"फार साधुसंत बनू नकोस, चैत्रा. सत्तरीची म्हातारी ती. पाचच्या आत सही कर."

चैत्राच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं सही केली नाही. चूक दुरुस्त केली, गुरुवारचीच यादी लावली, फोन जाणार नाहीत अशी सोय केली आणि प्रोग्रॅम चालवला.

पंधरा. सोळा. सतरा... गिरिजम्मा.

तिथंच थांबला.

आजूबाजूच्या कीबोर्डांची टकटक ऐकू येईना. पंखा फिरत होता, पण आवाज नव्हता...

साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला.

त्याची वायर महिन्यापूर्वीच काढलेली होती.

साहेबांनी चिडून उचलला. क्षणात चेहरा उतरला. रिसीव्हर त्यांनी चैत्रापुढे धरला.

"पहाटेपासून डबा बांधून बसलेय," एक म्हातारी संतापून बोलत होती. "माझी पाळी कुणी खाल्ली?"

चैत्रानं पुन्हा चालवला. सतरा... पुन्हा फोन. साहेब बाहेर पळाले.

चैत्रानं खरं ते लिहिलं आणि केंद्राकडे पाठवलं. त्याच संध्याकाळी तिची नोकरी गेली. केंद्रानं तो अहवाल दाबून टाकला. गिरिजम्मांच्या लेकीला आजही वाटतं, आईनंच फोन उचलला नसेल.

चैत्राचा बंद मोबाईल अजून दर मंगळवारी तीनला वाजतो. पलीकडे शब्द नसतो...

नुसता रागावलेला श्वास.

उद्या आरतीला उभे राहाल, तेव्हा गिरिजम्मांचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या.