बुरुजाखालची मोहफुले

सकाळचे ऊन आधी फुटक्या बुरुजाच्या माथ्यावर आले. मग दगडांच्या फटींतून सावकाश उतरत ते किल्ल्याच्या दरवाजावरील एकुलत्या सिंहाच्या पाठीवर थांबले. हत्तीवर झेपावणारा दगडी सिंह. त्याच्या जोडीदाराच्या जागी नुसता खड्डा होता. सन चोपन्नच्या चैत्रातले, रोजच्यासारखेच फिके ऊन. बुरुजाखालच्या मोहाशी पोचल्यावर मात्र ते गुणवंतरावांच्या उघड्या डोळ्यांवर पडले.

गुणवंतराव चित्रकार. पडझड होण्यापूर्वी हा किल्ला कसा दिसत असेल, ते चित्र ते काढत होते. आता त्यांच्या छातीवर राखेने माखलेली मोहफुले होती.

गावात लग्नाला आलेले चांद्याचे खाजगी गुप्तहेर कय्यूम यांनी प्रेत कुशीवर वळवले. डोक्यामागे घाव होता आणि पाठीला चिरडलेली फुले चिकटली होती. कय्यूमांचा मित्र, गावचा मास्तर उमाजी, दुसरीकडे पाहत राहिला.

फौजदाराने रखवालदार केवळरामला बेड्या घातल्या होत्या. रात्री किल्ल्यात तोच होता.

"तांबडं फुटाच्या आधीच हे जाळं घेऊन तलावावर गेले," त्याची बायको रंभा म्हणाली. "साऱ्या ढिवरांनी पाह्यलं. याइले काऊन नेता?"

"या झाडाचा मोह तुम्हीच वेचता, बाई?" कय्यूमांनी विचारले.

"हो. काल सांजेले खालचा पाला जाळून जागा साफ केली. एक फूल नव्हतं. मोह पहाटीच गळते ना."

उमाजीचा थोरला भाऊ देवाजी हा कंत्राटदार. दोघे भाऊ एकत्रच राहत. देवाजीच्या नव्या घराच्या ओट्यात एक दगडी सिंह बसवलेला होता, हत्तीवर झेपावणारा.

"तालुक्याच्या बाजारात भेटला," देवाजी म्हणाला. "काल जेवल्यावर मी बुरुजाकडून आलो, तवाच थो चित्रवाला पडला होता. वाटलं, पिऊन पडला. घरी येऊन झोपलो, थे उजाडल्यावरच उठलो. नाई का रे, उमाजी?"

"भाऊ घरीच होते," उमाजी म्हणाला.

कय्यूमांनी सर्वांना पुन्हा मोहाखाली आणले.

"गुणवंतराव रात्री पडले असते, तर पाठीखाली नुसती राख असती. ते फुलं गळल्यावर पडले, म्हणजे उजाडताना. त्या वेळी केवळराम तलावात होता."

"छातीवर बी फुलं आहेत ना?" देवाजीने विचारले.

"झाडावरून थेट सदऱ्यावर पडलेल्या फुलाला राख कुठून लागेल? ती जमिनीवरून ओंजळीने उचलून टाकली आहेत, मुडदा रातभर इथेच होता असं वाटावं म्हणून. आणि रात्रीची गोष्ट सांगणारे तुम्ही एकटेच, देवाजीभाऊ. चित्रासाठी गुणवंतराव दरवाजाचा दुसरा सिंह शोधत होते. तो त्यांना तुमच्या ओट्यात सापडला, आणि तुमची चोरी उघडी पडणार होती."

देवाजी हसला. "मी झोपलो होतो, साहेब. इचारा माह्या भावाले."

केवळरामच्या बेडीवर ऊन चमकत होते. रंभा उमाजीच्या तोंडाकडे पाहत होती.

"पहाटे मी पाणी प्यायला उठलो होतो," उमाजी म्हणाला. "भाऊंचं अंथरूण रिकामं होतं."